पेटीतलं एकच मत

नाना,

अजून तुमची गोधडी मला गरम लागते. कुणाला सांगितलं तर म्हणतील, सुपडूचं डोकं फिरलं. म्हणून सांगत नाही. तुम्हालाच सांगतो.

आपल्या सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या खोलीत माणसं आठ आणि निजायची जागा चौघांची. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच्याच अंथरुणात रातपाळीवाल्याने अंग टाकायचं, ही आपली रीत. माझी जोडी तुमच्याशी होती. सकाळी मी कारखान्यातून यायचो तेव्हा तुम्ही दाराशी चप्पल शोधत असायचे. "जाय, नीज," एवढंच म्हणायचे. मी आडवा व्हायचो आणि तुमच्या अंगाची ऊब गोधडीत असायची. आता रात्रभर त्या जागेवर कुणी नसतं. तरी सकाळी हात लावला की ती गरम. आपल्या खोलीतला दगडू म्हणतो, पत्रा तापतो म्हणून. पावसाळ्यात कसला पत्रा तापतो? मी उशाशी थोडी जागा सोडून निजतो. का ते मला विचारू नका.

मंडळवाले म्हणाले, गणपतीच्या अंकात नानांवर चार ओळी लिही. जन्म कधी, शिक्षण किती, मागे कोण कोण, असं लिहितात म्हणे. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, मला तसलं जमत नाही. आणि तुमचं असं काय लिहायचं? राजधर नाना, लूम कारागीर, एवढ्यात संपतं. म्हणून मी तुमच्याशीच बोलतो. ज्याला वाचायचं तो वाचेल.

सुरत टेशनावर मी उतरलो तेव्हा हातात एक पिशवी आणि पिशवीत आईने दिलेला लाडवांचा डबा. गर्दी बघून मी खांबाला धरून उभा राहिलो, सुटायलाच तयार नाही. तुम्ही आले, डबा घेतला, उघडून एक लाडू तिथेच खाल्ला आणि म्हणाले, "तुनी मायना हातना शे. चाल आते, खांब रेल्वेना शे, तो काही हालत नही." मी हसलो. सुरतेत मी पहिल्यांदा हसलो तो तुमच्यामुळे.

कारखान्यात पाय टाकला आणि माझे कान बंद झाले. इतके लूम एकदम खडखडत होते की मला वाटलं, छत खाली येतंय. तुम्ही कानाशी तोंड आणून ओरडलात, "घाबरस कसाले रे? लूम काय वाघ शे का?" पहिले काही महिने मी तुमच्याच पाळीत होतो, त्या आवाजात बोलायचं कसं ते तुम्हीच शिकवलं. तार तुटला की दोन बोटं वर. सुताचा बीम संपत आला की तळहात खाली. शेठ येतोय, तर टोपी नीट केल्यासारखं करायचं. शेठ टोपी घालत नव्हता, तरी खूण तीच. मी चुकलो की तुम्ही लांबूनच कपाळाला हात लावायचे आणि मला त्या खडखडाटातही तुमचं "अरे देवा" ऐकू यायचं.

आणि प्लेगचं ते वर्ष. सगळी सुरत पळाली. आपल्या गल्लीतल्या खोल्यांना कुलपं लागली, गाड्यांच्या टपावर माणसं बसून गेली. मला नेमका तेव्हाच ताप. माझ्याजवळ यायला कोण तयार होणार? खोलीतले सगळे दाराबाहेरून बघून गेले. मी पडल्या पडल्या मोजत होतो, आता हा गेला, आता तो गेला. तुम्ही राहिलात. तोंडाला गमछा बांधून भाताची पेज करत बसलात. मी म्हटलं, "नाना, जा तुम्ही. तुम्हाला मागे माय आहे." तुम्ही जागचे हलला नाहीत, म्हणालात, "मी आठेच शे. गप पड." ताप साधाच निघाला. पण तो साधा आहे हे तुम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं? हे ऋण, नाना, मी बोलून दाखवलं नाही कधी. आपल्यात असं बोलून दाखवायची रीत नाही.

आता ते लिहितो जे तुम्ही लिहू दिलं नसतं.

आपलं गाव वाचणाऱ्यांना माहीत नसेल. माहीत असण्यासारखं त्यात काही नाही. कोरडवाहू जमीन, दिवाळीनंतर हाताला काम नाही, म्हणून अर्धं गाव सुरतेत. विजेचे खांब आले, तारा आल्या नाहीत, बाया खांबाला बकऱ्या बांधतात. गावात शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल नदीपलीकडे, आणि नदीवर पूल नाही. उन्हाळ्यात पात्रातून बैलगाडी जाते, ट्रकही जातो. पावसाळ्यात गाव एकीकडे आणि जग एकीकडे. माझी शाळा त्या नदीनेच सोडवली. पण माझी शाळा गेली, तुमची तर सुमन गेली.

तुमच्या लेकीबद्दल, सुमनबद्दल, तुम्ही माझ्याशी एकदाच बोललात. बाळंतपणाला माहेरी आली होती. पोटात कळा उठल्या, बाजेवर घालून गावाने तिला नदीकाठी नेलं आणि पाणी उतरायची वाट बघत बसलं. पलीकडे दवाखान्याची गाडी उभी होती. इकडून दिसत होती. बाज काठावरच राहिली. तुम्ही तेव्हा इथे लूमवर होतात. तुम्हाला कळलं तेव्हा नदी उतरलेली होती.

म्हणून आमदार वारले आणि पोटनिवडणूक लागली तेव्हा पहिलं तुम्हीच बोललात. सुट्टीच्या दिवशी गावची सगळी पोरं आपल्या खोलीत जमली होती, बसायला जागा नव्हती, दगडू दारातच उकिडवा. तुम्ही म्हणालात, "दरवेळी पुलाचा नारळ फोडतात. नारळ फुटतात, पूल होत नाही. या खेपेला पेटी कोरी जाऊ द्या. एक मत नको. कोरी पेटी घेऊन निवडणुकीचा साहेब परत गेला तर वरच्याला विचारावं लागेल, या गावाला झालं काय?" तुमचा निरोप गावात गेला. गावाने देवळापुढे बसून तो मान्य केला. राजधरने म्हटलंय, म्हणून. भिंतीवर चुन्याने लिहिलं, पूल नाही तर मत नाही. तुमच्या मायने म्हणे त्या भिंतीला आधी शेणाने सारवून दिलं, अक्षरं नीट उठावीत म्हणून.

मग जिभाऊ आला. तो एका उमेदवाराचा माणूस. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि जो भेटेल त्याला "काय पाव्हणं" म्हणून मिठी. त्याने सांगितलं, मतदानाच्या दिवशी सुरतेहून गाडी. जाणं फुकट, येणं फुकट, वाटेत भजी आणि चहा. सकाळी मतदान, संध्याकाळी परत.

मी घाबरट माणूस. मी म्हटलं, "नाना, फुकटच्या गाडीत बसू नये." पोरं माझ्यावर तुटून पडली. आखाजीचा सण तोंडावर आलेला. घरी जायला भाडं नाही. दगडूने त्याची मुलगी जन्मल्यापासून पाहिलीच नव्हती. आणि इथल्या शेठला काय त्याचं? निवडणूक महाराष्ट्रात, सुट्टी गुजरातेत कशी मिळेल? रजा मिळाली ती एका दिवसाची. दुसऱ्या दिवशी सकाळी लूमवर हजर, नाहीतर लूम दुसऱ्याला.

तुम्ही थोडा वेळ विडी न पेटवता बोटात फिरवत बसलात. मग हसलात. "बसू आपण गाडीत. लेकरांची तोंडं पाहू, मायच्या हातचं खाऊ आणि मत न देता परत येऊ. गाडी त्यास्नी, बोट आपलं."

काय हसलो आपण त्यावर! दगडूने तर ते आठवडाभर कारखान्यात बोट नाचवून दाखवलं. मीही हसलो. पण मला झोप लागली नाही, हे तुम्हाला माहीत आहे, कारण संध्याकाळी पाळी बदलताना तुम्ही गोधडीला हात लावलात आणि म्हणालात, "आज गरमच नही. निजना नही का रे?"

गाडी म्हणजे साधा ट्रक. फळ्यांना धरून उभे. सकाळी गावात शिरलो तेव्हा नदीचं पात्र कोरडं खडखडीत. ट्रक त्यातून उड्या मारत गेला आणि थांबला तो सरळ शाळेपुढे. शाळेच्या रस्त्यावर बाया आडव्या बसलेल्या. आपल्याच आया, आपल्याच बहिणी. पुढे तुमची माय, पदर कमरेला खोचून. उमेदवाराचं चित्र लावलेल्या ट्रकमधून आपली पोरं उतरताना बघून त्यांची तोंडं कशी झाली!

तुम्ही पहिले उतरलात. हात जोडून म्हणालात, "माय, मत द्याले नही उनू. तुले भेटाले उनू."

मायने वरपासून खालपर्यंत बघितलं. "गाडीमा बठीसन उना ना पण."

"गाडी फुकट होती. तुझं तोंड फुकट बघायला मिळतं का दुसरीकडे?"

म्हातारी हसली. मग बाया उठल्या आणि जी ती आपल्या पोराला ओढत घरी घेऊन गेली. तो दिवस, नाना, दुपारपर्यंत सणासारखा होता. कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदा. दगडूची पोरगी त्याला बघून भोकाड पसरायची आणि दगडू तिला घेऊन गावभर हिंडत होता. शाळेत साहेब लोक पंख्याशिवाय घामाघूम बसलेले. पोलीस कडुनिंबाखाली डुलक्या घेत होता. पेटी रिकामी. तुम्ही मला कोपराने ढोसून म्हणालात, "पाह्य, कोरी शे." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते बघितलं नाही असं केलं.

मतदान संपायला थोडा वेळ राहिला तेव्हा जिभाऊने तुम्हाला ट्रकच्या मागे बोलावलं. मी सोबत होतो म्हणून ऐकलं. दुसरं कुणी ऐकलं नाही.

"नाना, मजा केली तुम्ही लोकांनी. आता माझं ऐका. आमच्या उमेदवार साहेबांचा निरोप आहे, कुठलीच पेटी कोरी जाता कामा नये. मला सगळी मतं नकोत. एक द्या. बोटाला शाई दिसली की गाडी सुरतेला सुटते."

"आणि नाही दिलं तर?"

"तर गाडीचं डिझेल संपलं. उद्या दुपारी येईल डिझेल. काय करणार?"

तुम्ही त्याला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. गावाला एस.टी. येत नव्हती. पलीकडच्या फाट्यावरची गाडी सकाळची. आणि सकाळी सुरतेत लूमवर उभं राहायचं होतं त्या सगळ्या पोरांना. दगडूला, ज्याच्या घरात आता खाणारं एक तोंड वाढलं होतं. मी म्हटलं, "नाना, राहू द्या. जातील लूम. दुसरे मिळतील." तुम्ही म्हणालात, "तुले मियतीन. सगयास्ले नही मियावत." आणि मग हळूच, "मीच बसाडं रे त्यास्ले गाडीमा."

तुम्ही नदीकडे गेलात. जिथे सुमनची बाज ठेवली होती तिथे काही वेळ उभे राहिलात. मी लांब थांबलो. मग वळलात ते सरळ शाळेकडे. मागच्या दाराने जाता आलं असतं. तुम्ही पुढून गेलात, बायांच्या मधून. मायने पाय आवरून तुम्हाला वाट दिली. तिला वाटलं, तुम्ही साहेबाला पुलाचं सांगायला चाललात.

बाहेर आलात तेव्हा डावा हात खिशात होता. ट्रकपाशी जिभाऊ उभा. त्याच्यासमोर तुम्हाला तो हात काढावा लागला. सगळ्यांनी बघितलं.

मायच्या हातात तुमच्यासाठी वाटेला बांधलेल्या भाकरीचं फडकं होतं. तिने ते माझ्या हातात दिलं, तुमच्या नाही. आणि पाठ करून चालू लागली. तुम्ही "माय" म्हणालात. ती थांबली नाही. ट्रकमध्ये फडकं सोडून आम्ही भाकरी वाटून घेतल्या, तुम्ही घेतली नाही. पोरांतल्या एकाने टोमणा मारला, "नाना, बोट आपलं होतं ना?" कुणी हसलं नाही. मी तोंड उघडणार तोच तुम्ही माझा दंड असा दाबला की दोन दिवस हिरवा होता.

खोलीवर आल्यावर मी भांडलो तुमच्याशी. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "सांगा ना त्यांना! त्यांच्यासाठीच तर दिलं." तुम्ही म्हणालात, "मग काय होईल? गाव म्हणेल, पोरांनी लूमसाठी पूल विकला. त्यांच्या आयांनी कसं जगायचं गावात? माझं एकट्याचं नाव गेलेलं परवडलं. तोंड बंद ठेव. शपथ आहे तुला." कुणाची शपथ ते सांगितलं नाहीत. मी समजलो, सुमनची.

आपल्या गावच्या पेटीत एकच मत निघालं. गावाने बहिष्काराचं निवेदन दिलं तेव्हा निवडणुकीचा साहेब म्हणाला म्हणे, "कसला बहिष्कार? तुमच्याकडे मतदान झालेलं आहे." निवेदन परत. ज्याची गाडी होती तो भरभक्कम मतांनी निवडून आला. तुमच्या एका मताची त्याला काडीची गरज नव्हती. गावात मात्र ते एक मत म्हणजे तुमचंच नाव झालं. पोरं रडली की आया म्हणत, शाईवाला येईल.

इथे पांडेसऱ्यात कुणाला काही दिसलं नाही. इथे रंगखात्यातल्या माणसांची बोटं बघा, कुणाची निळी, कुणाची हिरवी. शेठने एकदा विचारलं, "आ शुं थयुं?" तुम्ही म्हणालात, "रंग लाग्यो." शेठ पुढे गेला. पण आपल्या गावच्या पोरांना तो रंग कसला ते माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. तुम्ही राख लावून घासायचे ते बोट. कातडीवरची गेली, नखातली गेली नाही. नख वाढेल तशी ती काळी रेघ पुढे सरकत राहिली. तुम्ही ते बोट मुठीत धरून लूम चालवायचे. आखाजी गेली, तुम्ही गावाला गेला नाहीत. माणसासोबत मायला लुगडं धाडलंत, ते माणसासोबत परत आलं.

आपलं भांडण मात्र संपलं नाही. पाळी बदलताना दाराशी दोन मिनिटं मिळायची, तेवढ्यातही तेच. तुम्ही म्हणायचे, "कोरी राहिली असती तर साहेबाला यावं लागलं असतं." मी म्हणायचो, "कोरी राहिली असती तरी कुणी आलं नसतं नाना. आपल्यासाठी कोण येतं?" तुम्हाला वाटायचं, मी तुमची समजूत काढतोय. मी समजूत काढत नव्हतो. मला खरंच तसं वाटतं. पण रात्री लूमवर उभा असतो तेव्हा कधी मनात येतं, आणि समजा आलं असतं कुणी? मग मला पुढचं सुचत नाही. समोरच्या लूमपाशी कुणीतरी कपाळाला हात लावल्यासारखं दिसतं. बघायला जावं तर ओरिसाचा कारागीर, त्याला माझी खूण कळत नाही.

एक विचारायचं राहिलं. शिक्का कुठे मारलात? जिभाऊच्या चिन्हावर? दुसऱ्याच्या? की सगळ्यांवर मारून मत बाद केलंत? मला बाद केलं असावं असं वाटतं. पण ते विचारलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, हाही मोजमाप करायला लागला. म्हणून गिळलं.

तुमचा खोकला आपण दोघांनीही धुळीवर ढकलला. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर माझ्यावरच रागावले, इतक्या उशिरा आणतात का? तुम्ही पडल्या पडल्या माझी बाजू घेतलीत, "ओ साहेब, लेकरू शे ते." मी बत्तीस वर्षांचा बाप्या. तिथे तुम्ही शेवटी शेवटी काठाकाठाने चालल्यासारखे पाय हलवायचे. एकदा म्हणालात, "पाणी उतरलं का?" मी म्हटलं, उतरलं. खोटं बोललो. गावाकडे तेव्हा नदी दुथडी होती.

तुम्हाला आम्ही तापीकाठी नेलं. खांदा द्यायला दगडू होता, ट्रकमधली सगळी पोरं होती. टोमणा मारणाराही होता, सगळ्यात जास्त तोच रडला. त्याला माहीत काहीच नव्हतं. मायला आणायचं कसं? नदीला पूर.

एक दिवसाची रजा काढून मी निघालो. तुमचे कपडे आणि थोडी राख घेऊन अलीकडच्या काठाला पोचलो. पाणी पिवळं, झाडं वाहून चाललेली. पलीकडे निरोप आधीच गेला होता. फाट्यावरच्या दुकानात फोन आहे, दुकानदाराने काठावरून ओरडून सांगितलं होतं. मी पोचलो तसे पलीकडे लोक जमले.

आणि मी काय बघितलं नाना, तुमची माय एका दगडावर एकटी बसलेली. आपल्याकडे कुणाचं गेलं तर गल्लीतल्या बाया येऊन चिकटून बसतात, उठू देत नाहीत. तिच्या आजूबाजूला कुणी नव्हतं. लोक होते, पण मागे, हातभर नाही, चांगली वीस-पंचवीस पावलं मागे. मेल्यावरही गाव तुम्हाला सोडत नव्हतं. आणि तीही रडत नव्हती. शाईवाल्यासाठी गावापुढे रडायचं कसं?

मी मनात म्हटलं, नदी उतरेल तेव्हा येईन, मायच्या कानात सांगेन, तिला एकटीलाच. तुमची शपथ अर्धी तरी राहील. पण नदी कधी उतरणार? आणि ती तोवर तशीच दगडावर. पुराच्या नदीपलीकडे कानात काही सांगता येत नाही. सांगायचं तर ओरडूनच, म्हणजे सगळ्या गावाला.

मी ओरडलो. एकेक शब्द तोडून.

"नानानी! मत! पोरांसाठी! दिधं!"

पाण्याच्या आवाजात काही पोचेना. दगडूची आई पुढे आली, कानाला हात लावून. "काय म्हणस?"

"गाडी! सोडत! नव्हते! एक मत! मागितलं! पोरांचे लूम! जाणार होते!"

"कोणाचे?"

"तुझ्या दगडूचा! सगळ्यांचे! नाना! एकटे! गेले!"

घसा फाटला. रक्ताची चव आली तोंडात. दगडूची आई तशीच उभी राहिली. मला वाटलं, परत ऐकू गेलं नाही. परत ओरडायला श्वास घेतला, तेवढ्यात ती वळली. मागे बघून बायांना काहीतरी बोलली. मग चालत गेली आणि दगडापाशी चिखलातच बसली, मायला अगदी चिकटून. तिने मायचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. मग दुसरी गेली. मग तिसरी. ज्यांची पोरं त्या ट्रकमध्ये होती त्या सगळ्या. मग ज्यांची नव्हती त्याही. म्हातारी मला दिसेनाशी झाली, नुसते पदर दिसत होते.

मागच्या पुरुषांतल्या एकाने टोपी काढली. उद्या ते दगडूच्या आईला काय म्हणतील, पोरांना गावात घेतील की नाही, मला माहीत नाही. तुम्हाला ज्याची भीती होती ते होईलही. मी तुमचं ऐकलं नाही. रागवायचं असेल तर रागवा. मी सकाळी निजलेलो असतो तिथेच, जागा तुम्हाला माहीत आहे.

राख मी अलीकडूनच पाण्यात सोडली. फाट्यावर गाडीची वेळ झाली होती, रात्री लूमवर उभं राहायचं होतं. मी पाठ फिरवली आणि चार पावलं गेलो, तेव्हा मागून आवाज आला. आधी एकीचा, जुना, चिरका. मग तिच्या मागे सगळ्याजणींचा. पाण्याच्या वरून आला तो, स्पष्ट. त्यात तुमचं नाव होतं. राजधर, राजधर.

मी थांबून पूर्ण ऐकलं. माझी गाडी चुकली, नाना.